मुखपृष्ठावरचा माणूस

१

"नाही सांगणार," मुलगी म्हणाली. "आधी चपला घाल."

"चपला घालून मी जाणार कुठे आहे?"

"माझ्या घरी."

"तुझ्या घरी मी आजारी पडले की येते. आज मला काय झालंय?"

"आई, आत्ता वाद नको."

"वाद मी घालत नाहीये. मी एक साधी गोष्ट विचारतेय. तू मागच्या खोलीत गेलीस, त्याला पाहिलंस, बाहेर आलीस. आता तो दिसायला कसा आहे ते सांग. नाक कसं, डोळे कसे, कपाळ रुंद की चिंचोळं. एवढंच एक काम सांगितलं होतं तुला."

ती माझी पिशवी भरत होती. म्हणजे हाताला लागेल ते आत कोंबत होती: माझा चष्मा, औषधांचा डबा, एकच मोजा, टेबलावरचं घड्याळ. बघत नव्हती. माझी मुलगी बघत नाही असं कधी होत नाही. ती चित्रकार आहे, बघणं हाच तिचा धंदा. आणि तिची चित्रांची वही, जी ती जेवतानासुद्धा मांडीवरून खाली ठेवत नाही, ती आतच राहिली होती.

बाहेर येताना तिनं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं आणि वरची कडी घातली होती. ती कडी आमच्या घरात कुणी घालत नाही. गंजून जागच्या जागी बसलीय. जोर लावताना तिच्या अंगठ्याचं सालटं निघालं होतं. रक्त पिशवीला लागत होतं आणि तिच्या ते गावीही नव्हतं.

मी टेबलापाशी बसून होते, पेनाचं टोपण काढून. कादंबरीचं शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. त्या पानावर एक बाई दार उघडते आणि आत बसलेला माणूस वळून तिच्याकडे बघतो. बाई तयार होती. दार तयार होतं. बिजागरीचा आवाज तर मी असा लिहिला होता की वाचणाऱ्यानं उठून आपल्या दाराला तेल घालावं. माणसाची चाल, खोकला, श्वास, सगळं जागच्या जागी होतं. चेहरा तेवढा नव्हता.

"चेहरा सांग," मी म्हणाले. "मी चुटकीसरशी पान संपवते. मग तू म्हणशील तिथे येते."

"चेहरा सांग, चेहरा सांग! इतकी वर्षं तुला कुणाच्या चेहऱ्याची गरज पडली नाही, ती आजच कशी पडली?"

"पुस्तकाला पडलीय. मला नाही."

"मग पुस्तकाला सांग, नाही मिळणार म्हणून," ती म्हणाली, आणि दुसरा मोजा शोधायला लागली.

२

मला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ओळखणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण ते मला बहुतेक चुकीचंच ओळखतात.

मी शाळेत फार टिकले नाही. जे शिकले ते कानानं शिकले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डोक्याला हेडफोन अडकवून मी उमेदीची सगळी वर्षं काढली. माणसं मला आधी तारेतून भेटली. रस्त्यात भेटली असतील तर मी ती ओळखली नाहीत. नुसतं 'हॅलो' म्हटलं की बोलणारा उभा आहे की बसलेला, एकटा आहे की शेजारी कुणी कान देऊन उभं आहे, लग्नाची बातमी द्यायला फोन केलाय की मेल्याची, हे मला कळायचं. लिहायला लागले तेव्हा भांडवल म्हणून माझ्याकडे एवढंच होतं. ते पुरलं. अजूनही मी वाक्य आधी बोलते. खोलीत येरझाऱ्या घालत पुन्हा पुन्हा म्हणून बघते. जिभेवर नीट बसलं तर कागदावर जातं, अडखळलं तर त्याला दार दाखवते. सकाळी लिहायचं, दुपारी जेवण झाल्यावर ते मोठ्यानं वाचायचं, घरात कुणी असो नसो. हा नियम मी कुणाकडून शिकलेले नाही आणि कुणासाठी मोडलेला नाही.

म्हणूनच माझी माणसं बोलायला लागली की वाचणारा मान वर करून बघतो, कोण आलं म्हणून. हे मीच सांगतेय, कारण खरं आहे. आणि म्हणूनच माझ्या एकाही माणसाला चेहरा नाही, हेही तितकंच खरं आहे. एका समीक्षकानं लिहिलं होतं, 'बाईंच्या पुस्तकांत डोळे मिटून फिरता येतं.' टोमणाच होता तो. मी तो पुढच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापून घेतला. ज्याचं जे इंद्रिय धडधाकट, त्या बाजूला तो घराचं दार काढतो. बाकीच्या भिंती कोऱ्या राहतात. राहिल्या तर राहिल्या. लोक दारातूनच येणार ना?

मुलगी नेमकी माझ्या उलट. तिच्यामागे भांड्यांची मांडणी कोसळली तरी ती मान वळवत नाही, पण भिंतीवरची चौकट केसभर कलली तर तिला जेवण जात नाही. माझ्या सगळ्या पुस्तकांची मुखपृष्ठं तिनंच केली. मजकुरात नाही ते चित्रात आणायचं नाही, हा तिचा नियम, आणि तोही ती कुणासाठी मोडत नाही. शेवटी माझीच मुलगी. मग चेहरे आणणार कुठून? म्हणून तिनं पहिल्याच पुस्तकावर एक पाठमोरा माणूस काढला. सदऱ्याची कॉलर उजवीकडे दुमडलेली, मानेवर केसांचा एक भोवरा. तो माणूस लोकांना आवडला. मग दुसऱ्या पुस्तकावर तोच, तिसऱ्यावर तोच, कधी खिडकीशी, कधी जिन्यात, कधी नुसता खुर्चीत. वाचक लांबूनच ओळखतात, बाईंचं नवीन आलं.

"मी पाठी काढून काढून म्हातारी झाले," ती म्हणते. "कधीतरी एखाद्याला नाक दे."

आणि दुसरं म्हणते, "बाबा तुझ्या एकाही पुस्तकात नाहीत."

नाहीत. तिचा बाप इतका हळू चालायचा, इतकं हळू दार लावायचा, पाणी पितानासुद्धा घशाचा आवाज नाही, की माझ्या हाती लिहिण्याजोगं काही लागलंच नाही. आवाज न करणाऱ्या माणसाशी संसार करता येतो, पुस्तक करता येत नाही. आता त्याचा चेहरा मी फोटोत बघते तेव्हा मला आठवतो. फोटो ठेवला की पुन्हा नाही.

हे मी लिहितेय ते टेबल माझं नाही, मुलीच्या घरचं आहे. मुलगी समोर बसलीय. तोंड माझ्याकडे कर आणि तशीच बस, असं मी तिला सांगितलंय. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. मला माहीत नव्हतं.

३

या वेळी मी ठरवलं, मुखपृष्ठावरच्या त्या माणसाला अख्खं पुस्तक द्यायचं. इतकी वर्षं बिचारा प्रत्येक पुस्तकाच्या दारात आपल्याकडे पाठ करून उभा होता. गोष्ट एवढीशी: एका बाईच्या घरी तो रोज दुपारी येतो आणि मागच्या खोलीत बसतो. बाईनं त्याला कधी पाहिलेलं नाही. ती त्याला ऐकते.

ही गोष्ट लिहायला माझ्यासारखी दुसरी कोण मिळणार होती? मी त्याला कानानं घडवला. डाव्या पायाची चप्पल जराशी घासत चालतो. बोलण्याआधी घसा साफ करतो आणि मग बोलतच नाही. खिशातल्या किल्ल्या मुठीत धरतो, म्हणून त्यांचा आवाज दबका येतो. वेताच्या खुर्चीत बसताना आधी एका बाजूला भार टाकतो, खुर्ची कुरकुरते. मग दुसऱ्या बाजूला. मग ती त्याला सामावून घेते आणि गप्प होते.

हे खुर्चीचं वाक्य मी एका दुपारी मोठ्यानं वाचलं, आणि मागच्या खोलीत खुर्ची कुरकुरली. आधी एका बाजूनं. मग दुसऱ्या. मग गप्प.

मागच्या खोलीत माझ्या पुस्तकांचे गठ्ठे आहेत, बंद पडलेलं शिलाई मशीन आहे आणि एक वेताची खुर्ची आहे. दार माझ्या टेबलाच्या समोरच, छोट्या बोळापलीकडे. मी उठून बघितलं. खोली रिकामी, खुर्ची रिकामी. उन्हानं वेत ताणतो, ऊन सरकलं की आखडतो. मी दार लोटलं, येऊन बसले आणि पुढचं वाक्य वाचलं.

पुढच्या काही दिवसांत मी जे जे वाचलं ते ते आत झालं. चप्पल घासली. किल्ल्या मुठीत दबल्या. घसा साफ झाला आणि पुढे कुणी बोललं नाही. मी पुन्हा पुन्हा उठून बघितलं आणि पुन्हा पुन्हा खोली रिकामी होती, पण बसल्याजागी कान दिला की तो आत असायचा.

मी घाबरले असेन असं तुम्हाला वाटेल. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लोक म्हणतात माझी माणसं जिवंत असतात, आणि लोक म्हणतात ते पुरेसं नव्हतंच, असं तेव्हा मला वाटलं. माझ्यानंतर कुणी असं लिहिणार नाही, असंही वाटलं. मी आवाज चढवून वाचायला लागले, नाटकात काम केल्यासारखं. पुस्तक कधी नव्हे इतकं भराभर पुढे जात होतं.

शंका नव्हती असं नाही. शंका मला सतत असते. ती नसती तर मी आयुष्यभर लोकांच्या तारा चुकीच्या जोडल्या असत्या. म्हातारपणी कान वाजतात, मान्य. पण वाजणारा कान सगळीकडे वाजतो. हा आवाज फक्त त्या दाराआडून येत होता, आणि मी दाराशी गेले की दाराशी जेवढा वाढायला हवा तेवढाच वाढत होता.

मग एके दिवशी मी वाचायची थांबले, पाणी प्यायले, आणि आत एक आवाज झाला जो मी लिहिलेला नव्हता.

४

कंगवा होता तो. केसांतून फिरणारा कंगवा, आणि त्याच्याबरोबर केसांच्या तेलाचा किंचित वास.

मी त्याला कंगवा दिला नव्हता. पानं मागे उलटून उलटून बघितली. कुठेही कंगवा नाही. मी लिहिलेला नाही, तर हा आवाज वरून येत असणार. वरच्या मजल्यावर एक दातांचे डॉक्टर राहतात, एकटेच. इतकी वर्षं शेजारी आहोत. त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा, जिना चढताना वाजणारा उजवा गुडघा, फोनवर बहिणीशी बोलताना लागणारा वेगळा सूर, सगळं मला पाठ आहे. दुपारी ते घरी जेवायला येतात. मी वर गेले आणि बेल वाजवली.

"डॉक्टर, राग मानू नका," मी म्हणाले, "तुम्ही दुपारी जेवण झाल्यावर केस विंचरता का?"

डॉक्टरांना हसू फुटलं. ते हसतच राहिले.

"काकू, तुम्ही माझी चेष्टा करताय."

"चेष्टा कशाला करू?"

"अहो, माझ्याकडे बघा तरी."

मी बघितलं. डॉक्टरांच्या डोक्यावर एक केस नव्हता. कपाळापासून मानेपर्यंत डोकं लख्ख चकाकत होतं.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"कॉलेजात असताना," ते म्हणाले. "इथे राहायला आलो तेव्हा असाच होतो. तुम्ही मला पहिल्या दिवशी चहा दिला होतात."

मी जिना उतरले. आपण आयुष्यात कुणाकडे बघितलंच नाही असं वाटून ओशाळणारी मी बाई नव्हे. डॉक्टरांचा गुडघा मला माहीत आहे आणि डोकं नाही, यात माझं काय अडलं? अडलं ते दुसऱ्याच कारणानं. वर कंगवा नव्हता. म्हणजे तो खालीच होता.

५

त्यानंतर मी कंगवा ऐकायला बसले. नीट, कामाला बसतात तशी. आवाज कळला की लिहिता येतो, लिहिला की तो माझा होतो. आजवर हे असंच झालंय.

केस विंचरण्याचा आवाज सोपा असतो. कंगवा कपाळाच्या वरून निघतो, टाळूवरून सरकतो, मागे उतरतो आणि मानेवरच्या आखूड केसांत खरखरून संपतो. वरून खाली एकच लांब फटकारा, शेवटी ती खरखर. त्याचा पहिला फटकारा असाच होता. लांब, शांत, शेवटी खरखर.

दुसरा फटकारा पहिल्याइतकाच लांब. सुरुवात तिथूनच, टाळूवरून. शेवटी तीच आखूड केसांची खरखर. पण हा दुसरा माझ्या जवळून यायचा. वीतभरच जवळून. डोकं एक वीत जाड असतं.

एकदा पलीकडून खाली. एकदा अलीकडून खाली. पुन्हा पलीकडून. पुन्हा अलीकडून. केस कपाळाशी संपायला हवेत तिथे संपत नव्हते.

दाढी असेल, मी स्वतःला म्हणाले. लांब दाढीवाले दाढीही विंचरतात. ते मला दोन दिवस पटलंही. मग लिहायला बसले, 'तो आधी केस विंचरतो आणि मग दाढी', आणि वाक्य जिभेवर बसेना. कितीदा म्हटलं तरी अडखळत होतं. कारण मला ऐकू येत होतं ते काही वेगळंच. दाढी गालापासून सुरू होते. टाळूपासून नाही.

मी ते वाक्य खोडलं. जे ऐकते ते मला कळत नाही, असं त्या दिवसापर्यंत कधी झालं नव्हतं. मी टेबल सोडून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो, करताय तरी काय?"

कंगवा थांबला. घसा साफ झाला. पुढे कुणी बोललं नाही.

६

एका दुपारी मागच्या खोलीचं दार उघडं होतं. वाऱ्यानं उघडलं असेल. मी चष्मा पुसून वर बघितलं आणि तो दिसला.

पाठमोरा बसला होता. कॉलर उजवीकडे दुमडलेली, मानेवर केसांचा भोवरा. चेहरे मला आठवत नाहीत, पण ही पाठ मी माझ्या प्रत्येक पुस्तकावर पाहिली होती. मला जवळजवळ हसू आलं. सभ्य माणूस, मी मनात म्हणाले, दुसऱ्याच्या घरात टक लावून बघत बसत नाही.

खुर्ची मात्र दाराकडे तोंड करून होती. मीच ती तशी ठेवलेली आहे, गठ्ठे तिच्या मागे मावतात म्हणून. खुर्चीचं तोंड माझ्याकडे आणि माणसाची पाठ माझ्याकडे. मग तो उलटा बसला असणार, खुर्चीच्या पाठीला छाती टेकवून. पुरुष बसतात असे, गप्पा मारताना. पायांवर गठ्ठ्यांची सावली होती. चपलांची टोकं तेवढी उजेडात दिसत होती. तीही माझ्याकडे होती. चपला काढून ठेवल्या असतील, कशाही. मी एवढा विचार करेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. पुसून पुन्हा बघितलं तर खुर्ची रिकामी.

मी मुलीला फोन लावला.

"वही घेऊन ये. त्याचा चेहरा मिळणार आहे."

"कुणाचा?"

"तुझ्या मुखपृष्ठावरच्या माणसाचा. मागच्या खोलीत येऊन बसतो. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही, मी बघितलं तरी मला सांगता येणार नाही. तू बघ आणि सांग, मी लिहिते."

तिनं श्वास कसा घेतला ते मी ऐकलं. म्हातारीचं डोकं फिरलं, असा श्वास होता तो. ती वही घेऊन आली, पण माझी पिशवी काढायच्या तयारीनंच आली.

दुपार झाली. मी वाचायला सुरुवात केली. चप्पल घासली, खुर्ची कुरकुरली, कंगवा सुरू झाला.

"ऐकलंस?"

"पंखा ऐकतेय," ती म्हणाली.

"मग जा आणि बघ."

"आई, आत कुणी नसलं तर तू माझ्याकडे राहायला येणार. कबूल?"

"कबूल. आणि असलं तर चेहरा सांगायचा. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली आणि आत गेली. दार तिनं मागे अर्धवट लोटलं.

मी टेबलावरून उठले नाही. मला उठायची गरज नसते. तिची पावलं आत गेली आणि एकदम थांबली. बराच वेळ काही नाही. मग वहीचं पान उलटलं आणि पेन्सिल चालू लागली. माझा ऊर भरून आला. दिसला होता तिला. कॉलरीसाठी एक आखूड रेष, खांद्यासाठी एक लांब, आणि मग मानेवरच्या भोवऱ्यासाठी बारीक गोल गोल. ही पाठ काढताना तिची पेन्सिल कशी वाजते हे मला झोपेतही सांगता येईल.

मग तिचा आवाज आला. चित्राला बसलेल्या कुणाही माणसाशी ती बोलते तसा, नम्र, कामाचा.

"अहो, जरा इकडे वळता का?"

खुर्ची कुरकुरली. सावकाश, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. कुणीतरी सबंध वळत होतं. किल्ल्या दबक्या वाजल्या. मी पेनाचं टोपण काढलं.

वहीचं पान उलटलं. पेन्सिल पुन्हा चालू लागली. एक आखूड रेष. एक लांब. मग बारीक गोल गोल, गोल गोल, आणि त्या गोलाच्या मध्येच पेन्सिल थांबली.

वही खाली पडली. दार आपटलं. गंजलेली कडी किंचाळत बसली.

७

"कबूल केलं होतंस," मी म्हणाले. "असलं तर चेहरा सांगायचा. आत कुणी नाही असं तर तू म्हणत नाहीयेस."

"नाही म्हणत."

"मग सांग."

तिनं पिशवीची चेन ओढली. आत घड्याळ टिकटिकत होतं. माझ्या मुलीच्या तोंडावर त्या वेळी काय होतं, ते मला सांगता येणार नाही; मी बघितलं नाही. मी तिचा श्वास ऐकत होते. फोनवरचा, म्हातारीचं डोकं फिरलं, असा तो उरला नव्हता.

"दिसायला वाईट आहे का?" मी विचारलं. "भाजलाय? आंधळा आहे? आपण काय कमी बघितलंय? जे असेल ते लिहीन."

"तू ते पान लिहू नकोस."

"का?"

"त्याला वळवू नकोस. पाठमोराच राहू दे. बाईला दार उघडायला लावू नकोस. पुस्तक तिथेच संपव."

"वा! इतकी वर्षं नाक दे, नाक दे म्हणून माझा जीव खाल्लास, आणि आता मी द्यायला बसले तर पाठमोराच राहू दे?"

"हो."

"हे तू बोलतेयस? पाठी काढून म्हातारी झालेली?"

"हो, मीच. मीच काढल्या ना त्या?" तिचा आवाज चिरकला. "तू त्याला काही दिलं नाहीस आणि मी त्याला तेवढंच दिलं. दरवेळी तेवढंच. आई, तुझ्या पाया पडते, चल."

मी पुस्तक अर्ध्यावर सोडून आजवर उठलेले नाही. घरात मढं होतं त्या आठवड्यातही मी माझं प्रकरण पूर्ण केलं होतं. एक चेहरा अडलाय म्हणून मी टेबल सोडणार? मला शब्द कमी पडत नव्हते. मला फक्त कुणीतरी बघून सांगायला हवं होतं, आणि जिला बघता येतं तीच तोंड शिवून उभी होती.

तेवढ्यात कंगवा सुरू झाला. कडी लावलेल्या दाराच्या अगदी मागे. खुर्चीवर नव्हता तो आता.

"ऐकतेस?" मी म्हणाले.

"मला काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "कुठे आहे तो?"

"दाराशी. केस विंचरतोय."

ती भिंतीला टेकली. पलीकडून एक लांब फटकारा आला, शेवटी खरखर. मग अलीकडून एक, दाराला लागून, शेवटी तीच खरखर. नीटनेटकं होऊन बाहेर यायला निघाल्यासारखं.

"बरं," मी म्हणाले आणि उठले. "तू नाही सांगत ना? मग मीच बघते. डोळे अगदीच गेलेले नाहीत माझे."

बोळ ओलांडायला मला वेळ लागत नाही. कडीवर माझा हात पोचला. कडी गार होती, तिच्यावर मुलीचं रक्त ओलं होतं. मुलीनं मागून येऊन माझं मनगट धरलं, असं धरलं की मला माझीच नाडी ऐकू यायला लागली, आणि शेवटी ती ते बोलली, हळू, दारापलीकडे जाऊ नये अशा बेतानं:

"आई, मी सांगितल्यावर तो वळला, पूर्ण माझ्याकडे वळला, आणि मला पुन्हा पाठच दिसली."